पाणी उकळत होतं, डाळ शिजत नव्हती

आमच्या पोस्टवर पाणी शंभर अंशांना उकळत नसे. त्याच्या बरंच आधी उकळायचं. हे वाक्य मी सोलापुरात ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या निम्म्यांनी मला खुळ्यात काढलं आणि उरलेल्यांनी विषय बदलला. उकळी ती उकळी, तिच्यात कमीजास्त काय असणार, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं.

फौजेतून हवालदार म्हणून उतरलो आणि सोलापुरात भांड्यांचं दुकान टाकलं. प्रेशर कुकर विकतो. लोक कुकर घेऊन जातात आणि आठ दिवसांत परत आणतात. परवाच एक बाई आल्या.

"काका, परत घ्या हा. शिट्टी झाली की सासूबाई अनवाणी रस्त्यावर पळतात."

"मग सासूबाईंना चपला घ्या. कुकर का परत करता?"

"वरचं ते वजन काढून ठेवलं तर चालंल का? नुसतं झाकण लावते."

माझा आवाज चढला. वजनाशिवाय कुकर म्हणजे साधं पातेलं, मग पातेलंच न्या, असं मी त्यांना चांगलं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. बाई कुकर तिथेच टाकून गेल्या. बाजारात माझं नाव तापट म्हणून आहे, आणि ते खोटं नाही. पण त्या बोटभर वजनाची टिंगल मला सहन होत नाही. का होत नाही, ते एकदाच नीट लिहून ठेवतो.

एकाहत्तरची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. उन्हाळा सरताना आमच्या कंपनीकडे लडाखमधल्या वरच्या पोस्टा आल्या. आमची पोस्ट सोळा हजार फुटांवर. माणसं बारा. कमांडर सुभेदारसाहेब, साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. राशन आणि स्टोअर्स माझ्याकडे. ते काम मलाच का दिलं, हे उघड होतं. मी कुंभारीचा. वडील लवकर गेले. सोलापूरच्या बाजारात पोती वाहत मोठा झालो आणि पोती वाहताना दलालांची बोलणी ऐकत शहाणा झालो. फौजेत दुसऱ्या पलटणीकडून ताडपत्री, खिळे, बॅटरी, काहीही मिळवायचं असलं की मला पाठवत. घासाघिशीत मी हरलो असं सहसा झालं नाही. एकदा झालं. तेच सांगतो आहे.

पोस्टवर सोलापूर जिल्ह्यातले आम्ही तिघं. मी, लांगरी मल्लप्पा आणि लान्स नायक बिरू कोळेकर. लांगरी म्हणजे फौजेचा स्वयंपाकी. मल्लप्पा अक्कलकोटच्या पलीकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी, चिडला की दोन्ही एकदम. बिरू मंगळवेढ्याच्या दक्षिणेला एका वाडीतला धनगर. घरी मेंढरं. मेंढरांमागे चालून त्याचे पाय असे झाले होते की चढावरसुद्धा तो इतरांशी गप्पा मारत चाले आणि इतरांना उत्तर द्यायला दम नसे. त्याची भूक मोठी होती. आपलं संपवून तो दुसऱ्याच्या ताटाकडे बघायचा, आणि बघताना लाजायचा नाही.

पोस्टवरचा दिवस ठरलेला होता. उजाडायच्या आधी स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्च्यावर उभं राहायचं. मग दोघांनी बर्फ कापून आणायचा आणि मल्लप्पाने तो वितळवायचा. तेच पाणी पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि मशीनगनच्या माणसांच्या चहाचं. गस्त, पहारा, रेडिओ रिपोर्ट. लाकूड तिथं उगवत नाही. बर्फाचं पाणी करायला रॉकेल, जेवणाला रॉकेल, बंकर ऊबदार ठेवणाऱ्या बुखारीला, म्हणजे शेगडीला, रॉकेल. हिवाळाभराचा साठा रस्ता बंद व्हायच्या आधी वर चढवून ठेवायचा, तो पुढच्या मोसमापर्यंत पुरवायचा. रॉकेल संपलं तर बारा माणसांना बर्फ चावून राहावं लागेल, आणि बर्फ चावून माणूस राहत नाही.

पहिल्याच आठवड्यात डाळीचा तंटा सुरू झाला.

"मल्लप्पा, ही डाळ हाय का छर्रा?" बिरूने तोंडातला दाणा दोन बोटांत धरून दाखवला. "मशीनगनवाल्यांला दे की. दुश्मन पळून जाईल."

"अय्यो, माझ्यावर का वरडालाय? सकाळपासनं उकळालंय. बघ की, पाणी कसं नाचालंय! डाळ नाचंना त्याला मी काय करू?"

"जाळ वाढव."

"वाढवलोय की! आणि किती वाढवू, बंकर पेटवू?"

मी स्वतः जाऊन पाहिलं. डेगचीत पाणी खळखळत होतं. वाफ छताला लागत होती. डाळीचे दाणे एकेक वेगळे, टणक. मीसुद्धा तेच म्हणालो, जे आपल्याकडे कुणीही म्हणेल. जाळ मोठा कर. मल्लप्पाने स्टोव्हला आणखी पंप मारला. पाणी आणखी जोरात उसळलं आणि लवकर आटलं. त्याने आणखी बर्फ टाकला. डाळ होती तशीच राहिली. महिनाभर आम्ही हेच करत होतो. चणे आणि राजमा तर दुपारभर चुलीवर असायचे. निम्म्या माणसांची पोटं बिघडली.

महिन्याअखेर मी कॅन मोजले आणि माझं डोकं फिरलं. बेसने साठा ठरवताना खालचा खर्च धरला होता. आम्ही त्याच्या जवळजवळ दीडपट जाळत होतो.

पोटाच्या तक्रारी रेडिओवरून गेल्या म्हणून बटालियनचे डॉक्टर वर आले. तरुण कॅप्टन, बंगाली. चढावरून आलेला माणूस आधी पाणी मागतो, यांनी आधी डाळ मागितली. चावली. हसले.

"हवालदार, ये उबली है, पकी नहीं है."

मी म्हणालो, साहेब, सकाळपासून उकळते आहे. ते बुखारीजवळ बसले आणि त्यांनी मला हिंदीत समजावलं. ते मी आपल्या भाषेत सांगतो.

पाणी नुसतं ठेवलं तरी त्यातून वाफ वर निघायला बघत असते. तिचा एक जोर असतो. पाणी तापेल तसा तो जोर वाढत जातो. आणि वरून हवा पाण्याला दाबून धरत असते. पाण्याच्या वाफेचा जोर हवेच्या दाबाइतका झाला की पाण्याच्या पोटातच बुडबुडे धरतात आणि उकळी फुटते. सोलापुरात हवेचा दाब भक्कम, म्हणून पाण्याला जवळजवळ शंभर अंशांपर्यंत तापावं लागतं. पोस्टवर हवा पातळ, तिचा दाब आपल्याकडच्या निम्म्याच्या आसपास. तिथं ऐंशी-पंच्याऐंशीलाच बरोबरी होते आणि पाणी उकळतं. आणि एकदा उकळी आली की खाली कितीही जाळ करा, पाणी त्याहून गरम होत नाही. सगळा जाळ वाफ करण्यात जातो. डाळ शिजते ती उष्णतेने, खळखळाटाने नाही.

माझ्या डोक्यात ते लगेच बसलं, कारण मी बाजारातला माणूस. दुकानदार ताठ असेल तर गिऱ्हाइकाला भाव चढवत न्यावा लागतो, तेव्हा कुठे सौदा पटतो. दुकानदार मऊ असेल तर सौदा कमी भावात पटतो. आणि सौदा पटल्यावर गिऱ्हाईक काय कारणाने जास्त पैसे देईल? पोस्टवरची हवा म्हणजे मऊ दुकानदार. आम्ही महिनाभर पटलेल्या सौद्यावर रॉकेल ओतत होतो.

"मग हवेच्या जागी दुसरं कुणीतरी ताठ बसवायला पाहिजे," मी म्हणालो.

"करेक्ट," डॉक्टर म्हणाले. "उसी को प्रेशर कुकर कहते हैं."

बिरू हे सगळं ऐकत होता. डॉक्टर निघून गेल्यावर तो लंगरात, म्हणजे मल्लप्पाच्या स्वयंपाकघरात, गेला आणि थोड्याच वेळात तिथून मल्लप्पाचा आरडाओरडा ऐकू आला. आत जाऊन पाहतो तर बिरू दुहेरी घडी घातलेल्या ब्लँकेटवर, डेगचीच्या झाकणावर मांडी घालून बसलेला.

"उस्ताद, मी हवा झालोय."

"उतर खाली."

"थांबा की. ताठ दुकानदार पायजेल म्हणला न्हवं तुमी? ह्यो बसला ताठ."

"उतरवा त्याला, उस्ताद!" मल्लप्पा ओरडला. "आमटीत पडला तर वेगळी डाळ कुटनं आणू?"

झाकणाच्या कडेने सगळीकडून वाफ सुटत होती. तिने बिरूची विजार भिजली, मग तापली, मग बिरू ताठ राहिला नाही. तो उडी मारून उतरला आणि ढुंगण चोळत बंकरभर फिरला. त्या दिवशी सुभेदारसाहेबसुद्धा हसले. पुढे डॉक्टरांना रेडिओवर ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, एवढ्या मोठ्या झाकणावर निम्मी पोस्ट बसवली आणि कडा पक्क्या बंद केल्या, तर काहीतरी फरक पडेल. लहान तोंडावर लहान वजन पुरतं. म्हणून कुकरचं ते वजन बोटभर असतं.

मी काही गोष्टी बदलल्या. जाळ बारीक, झाकण घट्ट. डाळ तव्यावर भाजून भरडायची आणि मगच टाकायची. घरून आणलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, त्या दिवशी चूल फक्त पाण्यासाठी. खर्च उतरला. पण जे महिनाभर जळून गेलं होतं ते परत येणार नव्हतं, आणि चण्या-राजम्याची पोती भरडून संपणारी नव्हती. माझ्या हिशेबाने रॉकेल रस्ता उघडायच्या आधी संपत होतं. दोन कुकर मिळाले असते तर निभावलं असतं. रस्ता तेव्हा अजून थोडा चालू होता. खच्चरं येत होती.

मी बेसला मागणी घातली. बेसवर स्टोअर्सचा एक कॅप्टन होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. आमचं बोलणं झालं ते असं.

"दोन प्रेशर कुकर पाहिजेत. ओव्हर."

"स्केलमध्ये नाहीत. ओव्हर."

स्केल म्हणजे कुठल्या पोस्टला काय द्यायचं त्याचा मंजूर नियम.

"स्केलमध्ये नाहीत हे माहीत आहे, साहेब. इथं डाळ शिजत नाही. ओव्हर."

"तुमच्याकडे पाणी उकळतं का? ओव्हर."

"उकळतं. ओव्हर."

"मग अडचण काय? ओव्हर."

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. वाफेचा जोर, हवेचा दाब, सगळं.

"हवालदार, डॉक्टरकी तुम्ही करू नका. ओव्हर."

मी भाव बदलला. दोन नको, एक द्या. द्यायचा नसेल तर उसना द्या, रस्ता उघडला की परत करतो. ऑफिसर्स मेसमध्ये एक आहे हे मला ठाऊक होतं. तो पाठवा, बदल्यात आमच्या पोस्टची रम महिनाभर तुमच्याकडे. कुकर नसेल तर रॉकेलचे जास्तीचे कॅन तरी चढवा. तेव्हा तो जे बोलला ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं.

"रॉकेल जास्त लागतं, कारण तुम्ही ते बंकरमध्ये शेकत बसायला जाळता. आणि कुणाला विकत असाल तर तेही मी शोधून काढीन. आउट."

सोळा हजार फुटांवर मी रॉकेल कुणाला विकणार होतो? बर्फाला? मी हँडसेट टेबलावर आपटला. सिग्नलवाल्याने तो उचलून पुसला आणि जागेवर ठेवला. सुभेदारसाहेबांनी वर लिहून पाठवलं. उत्तर यायच्या आधी बर्फ पडला आणि रस्ता बंद झाला. एवढंच कबूल झालं होतं की खच्चरांच्या शेवटच्या खेपेत काही कॅन मधल्या डंपवर, म्हणजे वाटेतल्या साठ्यावर, उतरवले जातील. डंप आमच्या खाली, नाल्याच्या पलीकडे. चांगल्या हवेत उतरून परत यायला अर्धा दिवस लागे; पण हिवाळ्यात नाला धोक्याचा, म्हणून ते कॅन अगदी अडचणीसाठी राखून ठेवले.

मोठा हिवाळा आम्ही कसा काढला त्याचं वर्णन करत नाही. बुखारी आधी अर्धा वेळ केली, मग बंद केली. चहा एकदा. पाणी मापून. बिरू बारीक झाला होता. त्याची थट्टा मात्र चालू होती. घरी गेल्यावर आईला सांगणार आहे म्हणाला, की फौजेत पाणी थंडच उकळायचं आणि मला कच्चं खायला घालायचे.

सलग वादळ झालं आणि ते थांबलं त्या सकाळी माझ्याकडे शेवटचा कॅन होता, तोही तळाला. सुभेदारसाहेबांनी दुर्बिणीने नाल्याचा उतार पाहिला. नवा बर्फ जुन्यावर बसला होता. अशा उतारावर दोन दिवस जायचं नाही, हा नियम त्यांना माझ्याहून चांगला ठाऊक होता.

"हवालदार, दोन दिवस निघतील?"

"पाण्याशिवाय निघतील, साहेब. दोघं आजारी आहेत."

ते म्हणाले, "तुम्ही धरून चौघं न्या. दुपारच्या आत नाल्यातून वर पाहिजेत. ऊन चढू देऊ नका."

मी, बिरू, मल्लप्पा आणि सांगलीकडचा एक शिपाई. मल्लप्पाला मी नको म्हणालो होतो. तो म्हणाला, चूल नाही तर लांगरी बंकरमध्ये काय करणार. उतरताना काही झालं नाही. डंपवर कॅन बर्फाखाली होते, ते खणून काढले. प्रत्येकाच्या पाठीवर एक. मी रेडिओवर कळवलं, "लोड घेतला. परत निघतो. ओव्हर." सुभेदारसाहेब म्हणाले, "घाई करा. ओव्हर."

नाल्याच्या वरच्या तोंडाशी एक उभा टप्पा होता. तिथे पाठीवर ओझं घेऊन चढता येत नसे. आमची पद्धत अशी, की आधी एकाने वर जाऊन दोर सोडायचा, मग खालच्याने कॅन बांधायचे, कॅन वर ओढायचे आणि मागून माणसं यायची. मी आणि सांगलीवाला वर गेलो. बिरूने खालून कॅन बांधले. मल्लप्पा वर आला. शेवटी बिरू आणि त्याचा कॅन राहिला.

"बिरू, आधी तू ये," मी ओरडलो. वरच्या उतारावर ऊन आलं होतं.

"ह्यो घ्या की आधी. मी दोराशिवाय येतो. मला काय दोर लागतोय व्हय?"

खरंच त्याला दोर लागत नसे. आम्ही कॅन ओढला. तो कडेला लागला, मल्लप्पाने धरला. तेवढ्यात वर कुठेतरी पोतं फाटल्यासारखा आवाज झाला. मी पाहिलं तर उताराला आडवी रेघ पडली होती. मी ओरडलो. बिरूने वर पाहिलं, मग बाजूला पळाला, धनगराची चाल, लांब ढांगा. दहा पावलं झाली असतील. बर्फ त्याच्यावरून गेला आणि नाला भरला.

आम्ही हातांनी, कॅनच्या झाकणांनी, टोप्यांनी खणलं. पोस्टवरून चौघं दोर आणि फावडी घेऊन आले. तो सापडला तेव्हा ऊन उतरलं होतं. चेहरा नीट होता.

बेसला रिपोर्ट मी दिला.

"एक कॅज्युअल्टी. फेटल. लान्स नायक कोळेकर. ओव्हर."

सेटवर स्टोअर्सचाच कॅप्टन होता.

"समजलं. कोळेकर. वाईट झालं." आणि मग, "रॉकेल पोस्टवर पोचलं का? ओव्हर."

मी हँडसेट सुभेदारसाहेबांच्या हातात दिला आणि बाहेर गेलो. मी बोललो असतो तर माझं कोर्ट मार्शल झालं असतं. सुभेदारसाहेब म्हणाले, "पोचलं. आउट." एवढंच.

त्या संध्याकाळी पहिला कॅन फोडला तो बिरूचा. मल्लप्पाने मुद्दाम तोच काढला की हाताला लागला, मी विचारलं नाही. पाणी केलं, आजाऱ्यांना पाजलं, मग डाळ चढवली. कुणी ताट घेईना. सुभेदारसाहेबांनी स्वतः पहिलं ताट घेतलं आणि म्हणाले, "जेवण ऑर्डर आहे." आम्ही जेवलो. चावून चावून.

उन्हाळ्यात कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. कुठलाही मृत्यू झाला की होते. मला विचारलं, पार्टी त्या दिवशी का गेली? मी सांगितलं, रॉकेल संपलं होतं. का संपलं? डाळ शिजत नव्हती. का शिजत नव्हती? मी वाफेपासून सुरुवात केली. प्रेसायडिंग ऑफिसरांनी हात वर करून थांबवलं. "हवालदार, आपण हिमस्खलनाची चौकशी करतोय. स्वयंपाकाची नाही." मी म्हणालो, "साहेब, स्वयंपाक झाला असता तर नाल्यात कुणी गेलंच नसतं." ते म्हणाले, "विषयाला धरून बोला." निकाल आला: नैसर्गिक आपत्ती, कुणाचा दोष नाही. बर्फाने मारलं, तेव्हा दोष बर्फाचा.

पुढच्या मोसमात प्रत्येक वरच्या पोस्टला प्रेशर कुकर आले. नवे कोरे, जादा रिंगांसकट. त्याच कॅप्टनच्या शिफारशीवरून आले, असं आम्हाला सांगण्यात आलं, आणि त्याबद्दल त्याला शाबासकीही मिळाली. मल्लप्पाने पहिली शिट्टी ऐकली आणि कुकरकडे पाठ करून बसला. डाळ लोण्यासारखी शिजली होती. मला ती गिळवेना.

रजा मिळाली तेव्हा मी आधी कुंभारीला गेलो नाही. सोलापुरात उतरून मंगळवेढ्याची एसटी धरली, तिथून दुसरी, आणि शेवटी पायी. वाडीवर बिरूचे वडील मेंढरं घेऊन गेले होते, ते येईपर्यंत शाळेचे मास्तर मला भेटायला आले. त्यांनी अभिमानाने मला शाळा दाखवली. भिंतीवर बोर्ड रंगवला होता: शत्रूशी लढताना वीरगती.

"मास्तर, हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? फौजेत होता. सरहद्दीवर गेला. पोरांना प्रेरणा मिळते."

"शत्रू तिथून दिसतसुद्धा नव्हता. तो रॉकेल आणायला गेला होता."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. "हवालदार, हळू बोला. बोर्ड रंगवून झालाय. आणि रॉकेल कसं लिहायचं भिंतीवर?"

"जसं बोलता तसं लिहायचं."

"शोभत नाही हो ते."

मी त्यांच्याशी तासभर भांडलो. आधी मी म्हणालो बोर्ड पुसा. मग म्हणालो, निदान "शत्रूशी" तेवढं पुसा. मग म्हणालो, "कर्तव्य बजावताना" लिहा. मास्तर एका शब्दानेही उतरले नाहीत. तेवढ्यात बिरूचे वडील आले. उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडं. त्यांनी आमचं शेवटचं बोलणं ऐकलं होतं. मला घेऊन ते घराकडे गेले आणि अंगणात बसवलं.

"दादा, रॉकेल म्हंजी? तितं दिवं न्हाय का?"

मी सांगितलं. डोंगर किती उंच, हवा किती पातळ, पाणी लवकर कसं उकळतं, डाळ का शिजत नाही, जाळ कसा वाया जातो. डेगचीवर बिरू बसला होता तेही सांगितलं. तिथे ते किंचित हसले. बाकीचं त्यांना पटलं नाही.

"पानी उकळतंय आन् शिजत न्हाय, असं मी मानसांत सांगू? म्हनतील, पोरगं गेलं आन् म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं."

"पण ते खरं आहे, बाबा."

"आसंल. तुमी खोटं कशाला सांगाल इतक्या लांब येऊन." त्यांनी घोंगडं सारखं केलं. "बोर्ड राहू द्या तसाच. लोकांला सोपं जातं."

माझा संताप परत वर आला. मी म्हणालो, बाबा, हीच अडचण आहे. सगळ्यांना सोपं पाहिजे. बेसवर सोपं, इन्क्वायरीत सोपं, शाळेच्या भिंतीवर सोपं. तुमचा मुलगा सोप्या गोष्टीने गेला नाही. एका माणसाने दोन भांडी वर पाठवली असती तर तो आता इथं बसून तुमच्या ताटातलं खात असता.

त्यांनी विचारलं,

"त्यानं आनलेलं रॉकेल, त्याचं काय केलंसा?"

"पाणी केलं. जेवण केलं."

"जेवलासा समदी?"

"जेवलो."

"शिजलं व्हतं का?"

मी आयुष्यभर भाव सांगताना खोटं बोलत आलो आहे. तिथं बोलता आलं नाही.

"नाही. कच्चंच होतं. तरी सगळ्यांनी खाल्लं. दोघं आजारी होते, ते त्या पाण्यावर वाचले."

"दोघं," ते म्हणाले. त्यांनी मान हलवली. मग उठून त्यांनी घरात सांगितलं की पाहुण्यांना वाढा, आणि मी जेवत होतो तोवर ते समोर बसून राहिले. मी ताट पुसून खाल्लं की नाही, ते बघत होते.

बोर्ड अजून आहे. गेल्या वर्षी त्याला नवा रंग दिल्याचं कळलं. मास्तरांशी मी हरलो, कॅप्टनशी हरलो, इन्क्वायरीत हरलो. म्हणून जे भिंतीवर लिहू दिलं नाही ते इथं लिहितो.

लान्स नायक बिरू कोळेकर. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या वाडीतला. सोळा हजार फुटांवर, वादळानंतरच्या पहिल्या सकाळी, अकरा माणसांसाठी रॉकेल आणताना गेला. रॉकेल पोचलं.